अंदाजे वय बावीस

गुमान,

शनिवारी धुळ्याला तू शिकवायचास त्या शाळेत तुझी शोकसभा झाली. मी जळगावहून पारोळ्यामार्गे एस.टी.ने आलो, पोचायला उशीर झाला म्हणून मागच्या बाकावर बसलो, आणि तिसऱ्या भाषणाच्या मध्येच उठून बाहेर पडलो. पहिल्या वक्त्याने तुला जंगलातलं फूल म्हटलं. दुसऱ्याने सांगितलं की एवढ्या मागासलेल्या समाजातून वर येऊनही तू किती नम्र राहिलास. तिसरे तुझे मुख्याध्यापक. ते म्हणाले, "प्रकृती मुळातच नाजूक. या लोकांना हवापाणी बदललं की मानवत नाही." तेव्हा मी उठलो. बाक करकरला, लोकांनी वळून पाहिलं. त्यांना वाटलं असेल, जवळचा मित्र आहे, रडू आवरलं नाही. वाटू दे.

तू फूल नव्हतास, आणि नम्र तर मुळीच नव्हतास. रेक्टरशी, मेसच्या आचाऱ्याशी, प्रोफेसरांशी, माझ्याशी, कुणाशीही तू भांडायचास, आणि आवाज न चढवता भांडायचास, म्हणून समोरचा जास्त चिडायचा. आणि हवापाण्याचं म्हणशील तर सातपुड्याच्या पायथ्यापासून धुळ्यापर्यंत हवा बदलून बदलून किती बदलते? तुला काय झालं होतं ते तुला माहीत होतं. मला माहीत होतं. तुझ्या डॉक्टरला तू स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतंस. त्या सभेत एकाही माणसाने त्याचं नाव घेतलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो. यातलं बरंचसं तुला ठाऊकच आहे, पण दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो की पहिल्या दोन वाक्यांतच माझा तोल जातो.

जळगावच्या होस्टेलात आपण एका खोलीत आलो ते काही कुणाच्या चांगुलपणाने नाही. तुझ्याबरोबर राहायला तिघांनी नकार दिला होता आणि मी त्या दिवशी गावाहून सर्वांत शेवटी पोचलो, एवढंच. मी रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. तू चोपड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून असलेल्या पाड्यावरचा, बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालेला. मी विचारलं, "घरी काय बोलता तुम्ही?"

"घरी पावरी. बाजारात अहिराणी. मास्तरांशी मराठी. आता इथं इंग्रजी. तू?"

मी म्हटलं, घरी आमची बोली आणि बाहेर ही मराठी.

"म्हणजे दोनच," तू म्हणालास. "येतील हळूहळू."

इंटरच्या सेंद्रिय रसायनाच्या पुस्तकात शेवटची तीन प्रकरणं होती. शर्करा, मेद, प्रथिनं. सरांनी ती सोडून दिली, कारण परीक्षेला त्यावर प्रश्न येत नसे. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "सर, माणूस जे खातो ते सगळं या तीन प्रकरणांत आहे. बाकीचं पुस्तक डांबरातून निघणाऱ्या रसायनांचं आहे." वर्ग हसला. सर हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा एक तास त्यांनी आपल्या दोघांना प्रयोगशाळा उघडून दिली आणि स्वतःही थांबले. एवढं मी त्यांच्या पदरात घालतो. आपल्याला सगळेच वाईट भेटले असं नाही.

जीवरसायन हा शब्द आपण तेव्हा ऐकलाही नव्हता. पण शिकायला लागलो ते त्या तासापासून. मी घरून कच्च्या केळ्यांची फणी आणली होती. तू केळ कापून त्यावर आयोडीनचा थेंब टाकलास, ते पिठामुळे काळंनिळं झालं. पिकलेल्या केळ्यावर टाकलास, काहीच झालं नाही. "पीठ गेलं कुठे?" तू विचारलंस. सर म्हणाले, साखर झाली. "केली कुणी?" सरांनी एन्झाइम हा शब्द फळ्यावर लिहिला. मग आपण ज्वारीची भाकरी तोंडात धरून बसलो, गोड होईपर्यंत चावत. दोघे कॉलेजातले जाणते मुलगे, गाल फुगवून, एकमेकांकडे बघत. सुट्टीहून येताना तू मोहाची वाळलेली फुलं आणलीस आणि त्यांचा अर्क साखर ओळखायच्या फेहलिंगच्या द्रावणात टाकून उकळलास. परीक्षानळी विटेसारखी लाल झाली. तू सरांना दाखवलीस. "सर, आमची माणसं चैत्र-वैशाखात यावर जगतात. पुस्तकात द्राक्षं आहेत, बीट आहे. हे का नाही?" सर म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्याने मोह पाहिला नसेल." तू म्हणालास, "मग त्याने पाहायला यावं."

मला त्या वर्षांचा राग नाही. राग येतो तो हिवाळ्यांचा.

थंडी पडली की तुझी हाडं दुखायची. दुखायची हा फार साधा शब्द झाला. पहिल्या वर्षी मार्गशीर्षात तू खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होतास, ओठ चावून रक्त आलेलं, आणि मी तुझ्या मांड्यांवर गरम विटा फडक्यात गुंडाळून धरत होतो. दोन-तीन दिवसांनी ते उतरायचं. डोळे पिवळे राहायचे. मग कुणी म्हणायचं कावीळ, कुणी म्हणायचं हिवताप. डॉक्टरांनी दर वेळी क्विनाइन दिलं, कारण डोंगरातला माणूस म्हणजे हिवतापच. रेक्टर दारात उभं राहून म्हणाले, "यांचं हिवाळ्यात असंच असतं. कामाचा कंटाळा." मेसमध्ये मुलं म्हणायची, दारू पितो, म्हणून डोळे तसे. मी एकाच्या अंगावर धावून गेलो होतो तेव्हा तू मला मागे ओढलंस आणि त्याला शांतपणे सांगितलंस, "आमच्याकडे सगळे पितात. मी पीत नाही. प्यायलो तर तुला बरं वाटेल, म्हणून पीत नाही."

हजेरी कमी पडली. टर्म रोखण्याची नोटीस लागली. त्याच सरांनी सही केली म्हणून वाचलास. प्राचार्यांच्या खोलीबाहेर उभं राहून तू मला विचारलंस, "वसंता, खरं सांग, मी आळस तर करत नसेन ना? दुखणं इतकं सांगायचं नसतं असं माझा बाप म्हणायचा." तुझा बाप लाकूडतोडीच्या कामावर असताना गेला होता, त्याला दुखणं सांगायची सोय नव्हती. त्या वेळी तुझ्या चेहऱ्यावर जी शंका होती ती तिथं कुणी पेरली? एका शिकणाऱ्या पोराला स्वतःच्या वेदनेबद्दल शंका यावी, याहून मोठा अपमान मला माहीत नाही.

बी.एस्सी. झालो. एम.एस्सी.ला जीवरसायन हा विषय ज्या विद्यापीठात नवा निघाला होता तिथं आपण दोघं गेलो. त्या शहराचं नाव मी लिहिणार नाही. भुसावळला गाडी बदलली तेव्हा तू फलाटावर इंजिनात कोळसा टाकणाऱ्या माणसाकडे बराच वेळ बघत उभा होतास आणि म्हणालास, "आपण दोन वर्षं हेच शिकणार. शरीरात कोळसा कोण टाकतो आणि वाफ कशी होते."

आणि शिकलोही. पहिल्या सत्रात अमिनो आम्लं, प्रथिनांची घडण. दुसऱ्या सत्रात एन्झाइम, मग साखर पेशीत शिरल्यापासून तिची राख होईपर्यंतचा अख्खा मार्ग. तो मार्ग तू आपल्या खोलीच्या भिंतीवर खडूने काढलास, दारापासून खिडकीपर्यंत. घरमालकाने आरडाओरड केली तेव्हा त्याला तू बसवून घेतलंस आणि त्याच्या मधुमेहात कुठली पायरी अडते ते भिंतीवर दाखवलंस. तो म्हणाला, राहू दे मग हे. माझं पाठांतर चांगलं होतं, तुझं नव्हतं. तू पाठ करायचा नाहीस, भांडायचास. "ही पायरी उलटी का जात नाही? ही शक्ती कुठून आली?" दोन दोन तास. मी आज जळगावला वर्गात शिकवतो तेव्हा फळ्यावर लिहून वळलो की मला अजून वाटतं, आता मागून कुणीतरी विचारणार. कुणी विचारत नाही. मुलं उतरवून घेतात.

मग रक्ताचं प्रॅक्टिकल आलं. प्रत्येकाने स्वतःच्या बोटातून रक्त काढून हिमोग्लोबिन मोजायचं होतं. माझं आलं ते पुस्तकातल्यासारखं. तुझं निम्म्याच्या आसपास. डेमॉन्स्ट्रेटर म्हणाला, चुकलंय, परत कर. तू परत केलंस. तेच आलं. तिसऱ्यांदा मी केलं, तुझ्या बोटातून. तेच आलं. त्याने तुझ्या वहीवर लाल रेघ ओढली आणि गुण कापले. "एवढं कमी असलेला माणूस इथपर्यंत जिना चढून येऊ शकत नाही," म्हणाला. तू चढून आला होतास. त्याच्या समोर उभा होतास.

त्या लाल रेघेने मात्र तू पेटलास. ग्रंथालयात परदेशी मासिकांचे अंक काढून बसलास. एक दिवस एक अंक माझ्यापुढे उघडा टाकलास. त्यात काळ्या माणसांच्या एका रोगाबद्दल होतं. हाडांतल्या कळा, पिवळे डोळे, कमी रक्त. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, प्राणवायू कमी झाला की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नळ्यांत अडकतात; रोगाचं इंग्रजी नावही त्या विळ्यावरूनच. कारण काय, तर हिमोग्लोबिनचा रेणूच थोडा वेगळा. त्यानंतरच्या एका अंकात होतं की एवढ्या मोठ्या रेणूत एकच अमिनो आम्ल बदललेलं आहे. एक. आणि हिंदुस्थानातल्या डोंगरातल्या काही लोकांतही हा रोग सापडल्याचा त्यात ओझरता उल्लेख होता.

तपासणी इतकी साधी की राग यावा. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात गंधकाच्या एका क्षाराचं पाणी, वर पातळ काच, कडेने व्हॅसलीन, म्हणजे हवा आत जाणार नाही. अर्धा तास थांबायचं. हे जळगावला होस्टेलात झालं असतं. कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात झालं असतं. आपण ते केलं. तू आधी सूक्ष्मदर्शकातून बघितलंस, मग सरकून मला जागा दिलीस. सगळं क्षेत्र विळ्यांनी भरलं होतं. काही कोयरीसारखे, काही सुईसारखे टोकदार. मी वळून पाहिलं तर तू हसत होतास.

"वसंता," तू म्हणालास, "म्हणजे मी आळशी नाही."

ते हसू मी विसरलो नाही आणि ज्यांनी ते तुझ्यावर आणलं त्यांनाही मी विसरलेलो नाही.

नंतर पट्टीचा प्रयोग केला. कागदाची लांब पट्टी द्रावणात भिजवायची, एका रेषेवर दोघांच्या हिमोग्लोबिनचे ठिपके ठेवायचे आणि दोन्ही टोकांना वीज जोडायची. माझा ठिपका पुढे गेला, तुझा मागे राहिला. "इथंही," तू म्हणालास. ती पट्टी विभागप्रमुखांनी पाहिली, आणि इतके दिवस ज्यांना तुझं नाव धड आठवत नव्हतं ते तुला खुर्चीवर बसवून चहा पाजायला लागले. त्यांचं म्हणणं साधं होतं. सुट्टीत गावाकडे जायचं, पाड्यापाड्यांवर फिरायचं, रक्ताच्या नळ्या भरून आणायच्या.

"त्यांना काय सांगू?" तू विचारलंस.

"हिवतापाची तपासणी आहे म्हणून सांग. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे."

"आणि ज्यांच्यात निघेल त्यांना?"

"त्यांना सांगून काय करणार? यावर औषध नाही."

"मग नळ्या मिळणार नाहीत," तू म्हणालास. तिथंच, चहा अर्धा ठेवून.

पुढच्या महिन्यात वरच्या वर्गाचं व्याख्यान होतं. बाहेरून पाहुणे आले होते. खोलीत अंधार करून पडद्यावर चित्रं दाखवत होते. एक चित्र आलं आणि मी ओळखलं, कारण ती काचपट्टी मी व्हॅसलीनने बंद केली होती. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: वन्य जमातीतील पुरुष, अंदाजे वय बावीस. कोपऱ्यात विभागप्रमुखांचं पूर्ण नाव, पदव्यांसह.

अंदाजे. तुझी जन्मतारीख त्यांच्याच कचेरीत, त्यांच्याच प्रवेशअर्जावर होती. तू त्यांच्यापासून चार बाकांवर बसला होतास.

तू उभा राहिलास. "सर, हे रक्त माझं आहे. माझं नाव या वर्गाच्या हजेरीपटात आहे."

ते म्हणाले, "बसा. शास्त्रात व्यक्तीचं नाव येत नसतं."

"मग कोपऱ्यात तुमचं कसं आलं?"

पाहुण्यांपैकी कुणीतरी खोकलं. मीही उभा राहिलो होतो. हे मोठेपणासाठी सांगत नाही, उभा राहिलो एवढंच. दिवे लागले. दुसऱ्या दिवशी तुला निरोप आला की लेखी माफी दिल्याशिवाय प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही. प्रयोगशाळा नाही म्हणजे प्रबंध नाही, प्रबंध नाही म्हणजे पदवी नाही. शिष्यवृत्तीही त्याच सहीने मिळत होती.

यावर आपण किती भांडलो. मी म्हणत होतो, चार ओळी खरडून दे, पदवी घे आणि मग त्यांच्या तोंडावर बोल. मी अजूनही तेच म्हणतो. तुझ्या हातात ती पदवी असती तर धुळ्याच्या डॉक्टरने तुझं ऐकलं असतं की नाही? तू म्हणायचास, "माफी मागितली की पडद्यावरचा तो माणूस मीच होतो. अंदाजे वयाचा." तू ट्रंक भरलीस. गाडीत बसवायला आलो तेव्हा मला दम दिलास की तू मध्येच सोडून येऊ नकोस, एकाने तरी हे पुरं शिकलं पाहिजे. भिंतीवरचा खडूचा मार्ग पुढे वर्षभर मी एकट्याने बघितला.

धुळ्याला तुला विज्ञानाच्या शिक्षकाची जागा मिळाली. मी जळगावला कॉलेजात लागलो. महिन्यातून एकदा मी तुझ्याकडे यायचो आणि आपण पांझरा नदीच्या वाळूत बसायचो. झुमलीचं लग्न ठरत होतं, तुझ्या धाकट्या बहिणीचं. तुझ्या आईची मुलं एकूण पाच. त्यातली दोन लहानपणीच गेली, हातापायांना सूज येऊन, पिवळी होऊन. एक बहीण लग्न होऊन दूर गेली. राहिलात तू आणि झुमली. मी म्हटलं, झुमलीचं रक्त बघू या. मुलाचंही बघू या. हे आईबापांकडून निम्मं निम्मं येतं; दोघांतही निम्मं असलं तर पुढच्या पोरांत कुणीतरी तुझ्यासारखं निघेल. निदान ठाऊक तर होईल.

तू वाळूत बोटाने रेघा ओढत होतास. "फॉरेस्टचा माणूस आम्हाला चोर म्हणतो," तू म्हणालास. "सावकार गाढव म्हणतो. रेक्टर आळशी म्हणत होता. आता विज्ञानाकडून एक शब्द आणून देऊ? खराब रक्ताचे?"

"खराब कोण म्हणतं?"

"तू नाही म्हणणार. पण तो शब्द डोंगर चढेपर्यंत तसाच होणार. माझ्या आईला काय सांगू, की तुझी दोन पोरं तुझ्याच रक्ताने गेली? तिला ते सोसेल?"

"मग काय, गप्प राहायचं?"

"सांगणार आहे. मीच सांगणार. आमच्या बोलीत नीट शब्द सापडू दे. तोवर तू बोलायचं नाहीस."

मी तुला शब्द दिला आणि तुझ्यावर चिडलो. विभागप्रमुख तुला न सांगता तुझं रक्त पडद्यावर दाखवतो ते तुला खपत नाही, आणि तू तुझ्या आईपासून हे लपवतोस ते चालतं? असं मी त्या दिवशी म्हणालो. तू उठून चालायला लागलास. नंतर आपण यावर पुन्हा बोललोच नाही. पुढच्या महिन्यात बोलू, असं मनात होतं.

पौषातल्या थंडीने तुला पुन्हा गाठलं. या वेळी छातीत. तू धुळ्याच्या त्या डॉक्टरकडे चालत गेलास, एकदा नाही, तीनदा. त्याला रोगाचं नाव सांगितलंस. काचपट्टी कशी करायची ते सांगितलंस. तो म्हणाला, "मास्तर, पुस्तकं वाचून रोग लावून घेऊ नका. सर्दी आहे." तुझ्या शेजाऱ्याचा निरोप मिळून मी पोचलो तेव्हा तुला दवाखान्याच्या खाटेवर ठेवलं होतं आणि तुला श्वास पुरत नव्हता. तू माझा हात धरलास. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. डॉक्टर व्हरांड्यात माझ्यासमोर म्हणाला, "हे लोक फार उशिरा येतात." मी त्याची कॉलर धरली. शेजाऱ्यांनी सोडवलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

तुला घेऊन आम्ही पाड्यावर गेलो. सगळं आटोपल्यावर तुझी आई माझ्याजवळ येऊन बसली. माझ्याशी ती बाजारातल्या बोलीत बोलते.

"तू त्याना दोस्त शे. माले सांग, मना पोऱ्याले काय व्हतं?"

तुला दिलेला शब्द माझ्या डोक्यात होता. आणि समोर ती होती. मी शब्द मोडला, गुमान. सगळं सांगितलं. तांबड्या पेशी, काचेतून दिसलेला वाकडा आकार, निम्मं आईकडून, निम्मं बापाकडून. ती दोन पोरंही बहुधा त्यानेच गेली, हेही सांगितलं. अहिराणी, मराठी, हातवारे, जे जमेल ते. मला वाटलं ती कोसळेल. तुला हीच भीती होती.

ती कोसळली नाही. ती भडकली.

"तुले ठाऊक व्हतं? त्याले बी ठाऊक व्हतं?"

"हो."

"आनि माले कोनीच सांगं नही. मना तीन पोरं गयात. मी देवले कोंबडं दिधं, भगतना पाय धरात, शेजारनीवर नजरना आळ घाला. तिना घर मी जायेल नही इतला वरीस. आमना घरनी गोट, आनि आमलेच ठाऊक नही? आमले काय सोसाई, काय नही, ते तुमी दोन्ही शिकेल पोरंस्नी ठराई टाकं?"

पाड्यावरची माणसं गोळा झाली होती. तुझी आई ओरडत नव्हती. तुझ्यासारखंच, आवाज न चढवता. मी तुझी बाजू घ्यायला हवी होती, तू तिथंच मातीखाली होतास. मी घेतली नाही. तिचं बरोबर होतं. पांझरेच्या वाळूत आपल्या दोघांत जे भांडण चाललं होतं त्यात तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्या भांडणात मी जिंकलो हे सांगायला आता तू नाहीस. याचाही मला राग आहे. तुझ्यावर.

मग ती म्हणाली, "तो काच लई ये. पह्यलं मनं दख."

शोकसभेनंतर परवा मंगळवारी मी कॉलेजातला जुना सूक्ष्मदर्शक कापडात बांधून चोपड्यापर्यंत एस.टी.ने आणि पुढे बैलगाडीने नेला. ओट्यावर उन्हाची तिरीप येत होती तिथं मांडला, आरसा उन्हाकडे वळवला. तुझ्या आईने बोट पुढे केलं, सुई टोचताना डोळाही मिटला नाही. अर्धा तास आम्ही बसून राहिलो. तिने मला नागलीची भाकरी खायला लावली. मग मी तिला एक डोळा मिटून बघायला शिकवलं. ती बराच वेळ बघत होती. काही गोल, काही वाकड्या होत चाललेल्या.

"हाई मनं शे?"

"हो. तुझं निम्मं असं आहे. निम्मं असलं तर माणूस आजारी पडत नाही. उलट निम्मं असलेल्यांना हिवताप कमी मारतो असं तिकडच्या लोकांनी शोधून काढलंय. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकून राहिलं असेल. गुमानच्या बापाचंही निम्मं असणार. दोन्ही निम्मी ज्या पोरात एकत्र आली, त्याला त्रास. लोक याला खराब रक्त म्हणतील, ही गुमानला भीती होती."

तिने पुन्हा एकदा काचेत डोकावलं. मग म्हणाली, "मंग ते खराब कसं?"

ती उठली, आणि ज्या शेजारणीच्या घरी ती इतकी वर्षं गेली नव्हती तिच्या अंगणात जाऊन उभी राहिली. दोघी काय बोलल्या ते पावरीत होतं, मला कळलं नाही. तुला कळलं असतं.

ती परत येईपर्यंत झुमली माझ्यासमोर येऊन बसली होती. तिचा होणारा नवरा कुडाला टेकून उभा होता. झुमलीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि बोट पुढे केलं. मी सुई स्पिरिटने पुसली, टोचली, थेंब घेतला, काच बंद केली. अर्ध्या तासाने आधी तिने स्वतः पाहिलं, मग मी.

तिच्या थेंबात काय निघालं ते मी इथं लिहिणार नाही. ते तिला सांगितलं आहे.

तुझा,
वसंता